थ्रॉटल साफ झाला, पण ईसीयूच्या डोक्यातल्या कचऱ्याचं काय?

पेट्रोल गाडी उभ्या उभ्या थरथरते, आरपीएमचा काटा आपोआप वरखाली नाचतो आणि एसी लावला की गोव्यात पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये नेमकी बंद पडते. मग कोणीतरी हमखास सांगतो, "पात्रांव, थ्रॉटल बॉडी साफ कर, स्प्रे मिळतो बाजारात." थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या गोल झडपेचं घर, आणि सल्ला बऱ्याचदा बरोबरच असतो. पण जुन्या केबलवाल्या गाडीत जी झडप आपल्या पायाने उघडायची ती आता आपली राहिलेली नाही, ती ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची आहे, आणि हे न समजता तिला हात लावला तर फुकटची साफसफाई महागात पडते.

1980 च्या दशकाच्या शेवटी बीएमडब्ल्यूच्या 7 सिरीजमध्ये कॉम्प्युटरने झडप हलवायचा हा प्रकार आला, आज साध्या हॅचबॅकमध्येही असतो. तुम्ही एक्सलेटर दाबता तेव्हा खरं तर फक्त अर्ज करता. पेडलमधले दोन सेन्सर तो अर्ज ईसीयूकडे नेतात, मग ईसीयू एक छोटी डीसी मोटर फिरवतो, आणि झडप किती उघडली हे परत दोन सेन्सर कळवतात. दोन अशासाठी की एकाने चुकीचं सांगितलं तर दुसऱ्याशी ताडून पाहता यावं.

आता कचऱ्याने एवढा फरक का पडतो ते बघा. छोट्या गाडीत ही गोल वाट साधारण 50 मिमीची, पण आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, झडप उघडते ती जेमतेम काही अंश, म्हणजे कडेला राहणारी फट मिलिमीटरच्या दशांशात मोजायची. आणि या फटीतून हवा नुसती जात नाही, सुसाट जाते. आयडलला झडपेपलीकडे मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढाच असतो, आणि दाब निम्म्याच्या आसपास उतरला की फटीतली हवा ध्वनीच्या वेगाला पोचते, त्यापुढे इंजिनने कितीही ओढलं तरी जास्त हवा येत नाही. मग किती हवा मिळणार हे जवळजवळ सगळं फटीवरच ठरतं, आणि त्या फटीच्या काठावर केसाएवढा थर बसला तरी इंजिनचा श्वास अडकतो.

हा थर येतो कुठून? लोक मायनिंगच्या लाल धुळीला शिव्या घालतात, पण एअर फिल्टर नीट बसलेला असेल तर ती तिथे फारशी पोचत नाही. खरा गुन्हेगार इंजिनच्या पोटातली तेलकट वाफ. पूर्वी ती सरळ रस्त्यावर सोडायचे, 1960 च्या दशकात अमेरिकेत नियम आले तेव्हापासून ती परत इंजिनलाच प्यायला देतात. गाडी बंद केल्यावर ही गरम वाफ वर येऊन झडपेच्या पाठीवर गोठते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली, त्यात घर ते बाजार एवढीच फेरी, इंजिन धड तापतच नाही, मग पाणी आणि तेल मिळून काळा चिकटा तयार होतो.

यातली गंमत म्हणजे ईसीयू हे सगळं निमूट सांभाळून घेत असतो. थर वाढला की तो झडप थोडी जास्त उघडतो आणि तो आकडा लक्षात ठेवतो. म्हणून तुम्ही चकाचक पुसून गाडी चालू केली की ती 1,500 आरपीएमवर घोंघावू शकते, कारण कचरा गेला तरी ईसीयूच्या डोक्यात अजून आहे.

प्रत्यक्ष काम इंजिन थंड असतानाच करायचं, आणि उघड्यावर. पाऊस आहे म्हणून शटर ओढून आत बसू नका, या स्प्रेची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि एका ठिणगीत पेटते. हातमोजे आणि चष्मा घाला. चावी काढा, बटन स्टार्ट असेल तर रिमोट लांब ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा, मग क्लॅम्प ढिला करून हवेचा पाइप बाजूला घ्या. झडप थोडी उघडी दिसेल, ते बिघाड नाही, करंट गेला तरी गाडी कशीबशी चालावी म्हणून स्प्रिंगने तशी ठेवलेली असते. ती बोटाने ढकलू नका, बऱ्याच गाड्यांत आतले गिअर प्लास्टिकचे असतात. आणि चावी ऑन असताना तर बोट अजिबात नाही, मोटर झडप फटकन मिटवते.

थ्रॉटल बॉडी क्लीनरच घ्या आणि तो फडक्यावर मारा, थेट आत नको, नाहीतर द्रव झडप ज्या शाफ्टवर फिरते त्याच्या कडेने सेन्सरमध्ये उतरतो. धागे न सुटणाऱ्या फडक्याने हात पोचेल तेवढं पुसा. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, स्क्रू ड्रायव्हर, काही नको. काही थ्रॉटल बॉडींत झडपेच्या काठाशी मॉलिब्डेनमचा काळपट लेप कंपनीनेच दिलेला असतो, फट बंद राहावी म्हणून. लोक त्याला कार्बन समजून घासघास घासतात, किंवा जहाल कार्ब क्लीनरने विरघळवतात, आणि मग आयडल कधीच बसत नाही. फडक्याला सहज आलं ते मळ, नाही आलं ते राहू द्या. मागची बाजू फारच माखली असेल तर बॉडी खोलावी लागते, काही गाड्यांत तिला कूलंटचे पाइप असतात, गॅस्केट नवी लागते, ते माझ्या मते गॅरेजचंच काम.

जोडून झाल्यावर चावी ऑन करा, पेडलला पाय न लावता थोडं थांबा, झडपेचा खर्र आवाज येईल, ती स्वतःला तपासतेय. मग एसी बंद ठेवून इंजिन गरम होईपर्यंत आयडलला सोडा. सुरुवातीला थोडा पांढरा धूर आला तर तो राहिलेल्या स्प्रेचा. बऱ्याच गाड्या अशा आपणच शिकतात, काहींना स्कॅनर (ईसीयूशी बोलणारं यंत्र) लावूनच शिकवावं लागतं, मॅन्युअलमध्ये बघा. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर पी0507 हा बिघाडाचा कोड आला तर आयडल जास्त आहे एवढाच अर्थ, एकदा रीलर्न करून घ्या, म्हणजे ईसीयूला झडपेची जागा नव्याने शिकवा. पी2135 आला तर मात्र दोन सेन्सरांचं आपसात जुळत नाहीये, तिथे परत स्प्रे मारून काही होणार नाही, आधी कनेक्टर नीट बसलाय का ते बघा.