इंजिन कधी सुरू झालं ते कळू नये म्हणून

सिग्नल हिरवा होतो, गाडी आवाज न करता पुढे सरकते आणि तीस-चाळीसच्या वेगाला कुठेतरी पेट्रोल इंजिन तिच्या मदतीला येतं. मागच्या सीटवर पेपर वाचत बसलेल्या माणसाला तो क्षण जाणवला, तर गाडी बनवणाऱ्यांचं काहीतरी चुकलं असं समजायचं. छोट्या हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचा, हिशेब लिटरमागे किती किलोमीटर यावर होतो. आलिशान गाडीत हा हिशेब दुसऱ्या नंबरवर जातो. तिथे आधी पाहिलं जातं ते मोटर आणि इंजिन यांच्यामधला सांधा. तो हादऱ्यातून, आवाजातून किंवा ब्रेकच्या पेडलमधून जाणवता कामा नये. गेल्या वीस वर्षांत लेक्सस, पोर्शे, मर्सिडीज यांनी हायब्रिडवर घेतलेली बरीचशी मेहनत हा सांधा लपवण्यासाठीच आहे.

पहिल्या प्रयत्नात तर सांधाच नव्हता. १९०० साली व्हिएन्नाच्या लोनर कंपनीत तरुण फर्डिनांड पोर्शे यांनी ‘सेम्पर विवस’ ही गाडी तयार केली. नावाचा अर्थ ‘सदैव जिवंत’. तिच्यात दोन लहान पेट्रोल इंजिनं होती आणि प्रत्येकाला एक जनरेटर जोडलेला होता. चाकं फिरवायच्या विजेच्या मोटरी थेट पुढच्या चाकांमध्ये बसवल्या होत्या. इंजिन आणि चाक यांच्यात गिअर, शाफ्ट, क्लच असं काहीच नव्हतं, होत्या फक्त तारा. कल्पना सुरेख होती, पण शिशाच्या बॅटऱ्यांचं वजन फार होतं. शिवाय या रचनेत इंजिनाची सगळी ताकद आधी विजेत आणि मग पुन्हा गतीत बदलावी लागते, आणि दोन्ही वेळा थोडी ऊर्जा वाया जाते. पेट्रोल गाड्या स्वस्त आणि भरवशाच्या झाल्यावर हा मार्ग बराच काळ मागे पडला.

खरा सांधा जुळवला टोयोटाने. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आलेल्या प्रियसमधल्या प्लॅनेटरी गिअरचा संच समजून घेण्यासारखा आहे, कारण टोयोटाच्याच लेक्सस या आलिशान ब्रँडच्या बहुतेक हायब्रिड गाड्या त्याच तत्त्वावर उभ्या आहेत. मधोमध ३० दात्यांचा सन गिअर, बाहेरून ७८ दात्यांची रिंग, आणि दोघांमध्ये फिरणारे लहान गिअर धरून ठेवणारा कॅरिअर. इंजिन कॅरिअरला जोडलेलं, पहिली मोटर सनला, तर दुसरी मोठी मोटर आणि चाकं रिंगला. दात्यांच्या या प्रमाणामुळे इंजिनाचा ७२ टक्के टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, रिंगकडे म्हणजे चाकांकडे जातो आणि २८ टक्के सनकडे. ही वाटणी कधीच बदलत नाही, बदलतात ते फक्त वेग. गाडी उभी आहे आणि इंजिन मिनिटाला १,००० फेऱ्या घेतंय, तर रिंग थांबलेली असल्यामुळे सन ३,६०० फेऱ्यांनी फिरतो आणि पहिली मोटर वीज तयार करते. त्या मोटरचा वेग कमी-जास्त केला की इंजिन आणि चाकं यांचं प्रमाण बदलतं. गिअर बदलायला क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही आणि अल्टरनेटरही नाही.

इंजिन सुरू होताना होणारी थरथर या रचनेत कशी कमी होते, ते पाहू. साधा स्टार्टर इंजिनाला मिनिटाला दोनशे-अडीचशे फेऱ्यांनी फिरवतो. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोनदा हवा दाबली जाते, म्हणजे सेकंदाला आठेक धक्के बसतात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर टेकलेलं असतं आणि त्याची स्वतःची झुलण्याची लयही साधारण याच पट्ट्यात येते. झोक्याला नेमक्या लयीत धक्के द्यावेत तसं होतं आणि अख्खी गाडी शहारते. हायब्रिडमधली पहिली मोटर इंजिनाला क्षणात १,००० फेऱ्यांच्या आसपास नेते आणि मगच पेट्रोल सोडलं जातं. धोक्याची लय मध्ये येते, पण तिथे इंजिन रेंगाळत नाही. त्यातच इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद केले, तर सुरुवातीला दाबायची हवाही कमी असते.

२००५ मध्ये लेक्सस आरएक्स ४००एच आली, २००६ मध्ये मागच्या चाकांवर चालणारी जीएस ४५०एच आणि २००७ मध्ये ५ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची एलएस ६००एच. बॅटरीचे २८८ व्होल्ट ६५० पर्यंत चढवणारा कन्व्हर्टर या गाड्यांच्या गाभ्याशी आहे. व्होल्टेज वाढलं की तेवढ्याच ताकदीला कमी करंट लागतो आणि मोटर लहान करता येते. जीएस आणि एलएसमध्ये मोठ्या मोटरला दोन टप्प्यांचा गिअर द्यावा लागला. सुटताना जोर मिळावा असा एकच गिअर ठेवला असता, तर महामार्गाच्या वेगाला मोटर नको इतकी फिरली असती. एलएसमध्ये शांतता अप्रतिम होती, पण मागच्या सीटपाठी बसवलेल्या बॅटरीने डिकी खाल्ली, हा तिचा मोठा उणेपणा.

दुसरी तक्रार कानाची होती. पेडल दाबलं की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो, जणू मध्ये ताणलेलं रबर आहे. यंत्राच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही, कारण इंजिन त्याला सर्वांत सोयीच्या फेऱ्यांवर चालत असतं. पण माणसाचा कान आवाज आणि वेग एकत्र चढण्याला सरावलेला असतो. २०१७ च्या एलसी ५००एचमध्ये लेक्ससने त्या प्लॅनेटरी गिअरच्या मागे चार गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स जोडला आणि दहा गिअर असल्याचा भास निर्माण केला. कानाचं समाधान व्हावं म्हणून एवढं लोखंड वाढवणं मला तरी योग्यच वाटतं. गाडीतल्या माणसाचा कान हाही डिझाइनचा भागच आहे.

जर्मन कंपन्यांकडे उत्तम ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आधीपासून होते. ते टाकून देण्याऐवजी त्यांनी मोटर त्यांच्या शेजारी बसवली. २००९ च्या मर्सिडीज एस ४०० हायब्रिडमध्ये इंजिन आणि सात गिअरच्या बॉक्समध्ये चकतीसारखी १५ किलोवॅटची मोटर होती. लिथियम-आयन बॅटरी असलेली ही पहिली मालिका-उत्पादनातली हायब्रिड कार. बॅटरी १२० व्होल्टची आणि ०.९ युनिटचीच होती. मोटर आणि इंजिन यांच्यात क्लच नसल्यामुळे नुसत्या विजेवर ती गाडी चालत नसे. मोटर जोर लावायला मदत करायची आणि थांबताना इंजिन लवकर बंद करायची, एवढंच.

पुढची पायरी म्हणजे मोटर आणि इंजिन यांच्यात क्लच घालणं. अभियंते या जागेला ‘पी-२’ म्हणतात. २०१० च्या पोर्शे केयेन एस हायब्रिडमध्ये हा क्लच सुटला की इंजिन पूर्ण बंद राहून गाडी ताशी १५६ किलोमीटरपर्यंत वाहत जाऊ शकत असे. पण यात एक अवघड पेच आहे. विजेवर चालताना अचानक जास्त ताकद हवी झाली, तर तीच मोटर एकाच वेळी गाडीही ओढणार आणि बंद इंजिनही फिरवणार. आधीच सगळा जोर वापरून झाला असेल, तर इंजिन फिरवताना गाडी क्षणभर अडखळते. म्हणून मोटरच्या ताकदीचा एक हिस्सा कायम राखून ठेवतात. क्लचही एकदम मिटत नाही. आधी हलका टेकतो, घसरत घसरत इंजिनाला गती देतो, इंजिन पेट घेतं, दोन्ही बाजूंचे वेग जुळतात आणि मगच तो पूर्ण बंद होतो. हे सगळं सेकंदाच्या काही दशांशांत. क्लच नेमका कुठे टेकतो ती जागा झीज आणि तेलाच्या तापमानाप्रमाणे सरकते. सॉफ्टवेअर ती पुन्हा पुन्हा शिकत असतं. गिअरबॉक्सचं काम झाल्यावर हे शिकवणं गॅरेजमध्ये राहून गेलं, तर नेमका इंजिन जोडण्याच्या क्षणी धक्का बसू लागतो.

२०१४ च्या प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणाऱ्या, एस ५०० मध्ये मर्सिडीजने चालकाच्या पायालाच माहिती दिली. अ‍ॅक्सिलरेटरमध्ये एक जाणवणारा अटकाव ठेवला. त्याच्या अलीकडे गाडी विजेवर चालते, पलीकडे गेलात की इंजिन सुरू होणार.

आता ४८ व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या मोटरच्या हायब्रिड रचनेबद्दल, कारण आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या अनेक महागड्या गाड्यांत हीच रचना आहे. २०२२ पासून चाकणला जुळणाऱ्या सी-क्लासमध्येही ती आहे. १५ किलोवॅट ताकद १२ व्होल्टवर घ्यायची तर १,२५० अँपिअर लागतात. एवढ्या करंटला मनगटासारख्या जाड तारा लागतील. ४८ व्होल्टवर तेच काम ३१२ अँपिअरमध्ये होतं. मग आणखी वर का जात नाहीत? डीसीमध्ये ६० व्होल्टच्या वर विजेच्या धक्क्यापासून संरक्षणाची वेगळी, खर्चिक व्यवस्था करावी लागते. ४८ त्या रेषेच्या आत बसतं.

या व्होल्टेजने इंजिनाचं रूपही पालटलं. २०१७ मध्ये एस-क्लासमध्ये आलेल्या सहा सिलिंडरच्या एम२५६ इंजिनाला पुढच्या बाजूचा बेल्टच नाही. पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर दोन्ही विजेवर चालतात. मे महिन्यात पुण्याच्या विद्यापीठ चौकात अडकलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल. बेल्टवरच्या एसीत इंजिन थांबलं की गार हवा थांबते आणि मिनिटभरात इंजिन पुन्हा सुरू करावं लागतं. इथे इंजिन बंद राहतं आणि एसी चालूच असतो.

ब्रेकमधला सांधा सगळ्यात नाजूक. पेडल दाबलं की आधी मोटर जनरेटर होऊन वेग कमी करते, जास्त जोर हवा असेल तर चाकांवरचे पॅड मदतीला येतात आणि गाडी थांबत आली की मोटरचा वाटा शून्यावर येतो. पायाला मात्र सगळं एकसारखं लागलं पाहिजे. म्हणून पेडल एका स्प्रिंगच्या यंत्रणेवर टेकतं आणि खरा दाब संगणक ठरवतो. ही अदलाबदल नीट झाली नाही, तर शेवटच्या दोन-तीन मीटरला माना पुढे झुकतात.

बोरघाट उतरताना याची परीक्षा होते. २,००० किलोची गाडी ५०० मीटर खाली आली, की सुमारे २.७ युनिट ऊर्जा मोकळी होते. टायर आणि हवेचा वाटा वजा केला, तरी दीडेक युनिट हाती राहतं. लेक्सस ईएस ३००एचची बॅटरी जेमतेम १.६ युनिटची असते आणि आयुष्य टिकावं म्हणून तिचा फक्त मधला पट्टा वापरतात. त्यामुळे घाट संपण्याच्या आधीच बॅटरी भरते आणि मोटरचा ब्रेक गळतो. ज्या हायब्रिडच्या लिव्हरवर ‘बी’ ही जागा असते, तिथे अशा वेळी तो ‘बी’ वर ठेवावा. मग पेट्रोल न जाळता इंजिन नुसतं फिरवून ऊर्जा खर्च केली जाते. आवाज वाढतो, तो बिघाड नव्हे. पॅड मात्र गरम होण्यापासून वाचतात.

एरवी पॅड इतके कमी वापरले जातात, की कोकणच्या पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या पिना अडकतात. पॅड शाबूत दिसले तरी सर्व्हिसिंगला पिना काढून साफ करून ग्रीस लावून घ्यायला हवं.

बॅटरीची शत्रू उष्णता. एस ४०० मध्ये बॅटरी एसीच्या गॅसने थंड केली जायची. ईएस ३००एचमध्ये मागच्या सीटखालच्या बॅटरीवर केबिनचीच हवा पंख्याने सोडतात. त्या हवेच्या जाळीवर पिशव्या किंवा चादर टाकली, किंवा धूळ आणि कुत्र्याचे केस अडकून फिल्टर बुजला, तर पंखा मोठ्याने घोंगावू लागतो, मोटरची मदत कमी होते आणि शेवटी दिवा लागतो. पुष्कळदा फिल्टर साफ करण्यावर भागतं. दुसऱ्या टोकाला मर्सिडीजच्या वेगवान गाड्या बनवणाऱ्या एएमजीची २०२१ मधली ६.१ युनिटची बॅटरी आहे. तिच्या ५६० सेलभोवती वीज न वाहणारं सुमारे १४ लिटर द्रव खेळवलेलं असतं आणि तापमान ४५ अंशांच्या आसपास धरून ठेवलं जातं. कारण तिथे शर्यतीच्या ट्रॅकवरच्या एकाच फेरीत अनेकदा भरणं आणि रिकामं होणं अपेक्षित आहे.

प्लग-इन गाड्यांची अडचण उलटी असते. सध्याच्या पिढीतल्या प्लग-इन एस-क्लासची बॅटरी २८.६ युनिटची आहे आणि ती शंभरेक किलोमीटर विजेवर जाते. शहरात फिरणाऱ्याचं इंजिन आठवडा-आठवडा सुरूच होत नाही. मग टाकीत पेट्रोलची वाफ साठते. साध्या गाडीत ती इंजिन ओढून जाळतं, इथे टाकी दाब सहन करणारी करावी लागते. म्हणूनच अशा गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाचं बटण दाबल्यावर काही सेकंद थांबावं लागतं, दाब उतरल्यावरच ते उघडतं. अधूनमधून लहान अंतरासाठी सुरू होणारं इंजिन पुरेसं तापत नाही, तेलात पाणी आणि पेट्रोल मिसळत जातं. किलोमीटर कमी झाले म्हणून तेल बदलणं पुढे ढकलू नये, वर्षाच्या मुदतीला बदलावं.

आणि सगळ्यात जास्त वेळा गाडी अडते ती छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीमुळे. मोठी बॅटरी गाडीला जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, तिच्याच विजेवर मिटतात. ती मेली, तर शेकडो व्होल्ट शाबूत असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही. बऱ्याच गाड्यांत ही बॅटरी डिकीत असते आणि डिकी विजेच्या बटणावर उघडते, म्हणून आधी चावीतली धातूची किल्ली शोधायची. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी तारांना मात्र हात लावायचा नाही. ते काम प्रशिक्षित माणसाचं. तो आधी १२ व्होल्टची बॅटरी सोडवतो, १,००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा सर्व्हिस प्लग काढून खिशात ठेवतो, आणि मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरमधले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला किमान दहा मिनिटं थांबून, मीटरने शून्य पाहिल्यावरच पुढचा बोल्ट सोडवतो.