बोन्सायचा मुक्काम दिवाणखान्यात किती?

बोन्साय ही झाडांची बुटकी जात नव्हे. फूटभर उंचीच्या वडाच्या बोन्सायची फांदी तोडून मोकळ्या जमिनीत रुजवली, तर काही दशकांत ती पारंब्या सोडणारा अवाढव्य वडच होते. झाडाची जनुकं बदललेली नसतात, बदललेली असते ती परिस्थिती. घर सजवताना बोन्साय एखाद्या शिल्पासारखं निवडलं जातं, कोनाडा आणि भिंतीचा रंग बघून. ते शिल्प आहेच, यात मला शंका नाही. पण ते घडवण्यातलं निम्म्याहून अधिक काम झाड स्वतः करतं आणि त्यासाठी त्याला काय लागतं, हे सजावटीत विसरलं जातं.

शेंड्याच्या कोंबात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली झिरपत जातं आणि बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे सुप्त कोंबांना, फुटू देत नाही. शेंडा खुडला की हा धाक संपतो, मुळांकडून वर येणारं सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक वरचढ ठरतं आणि झोपलेले डोळे फुटू लागतात. एका फांदीच्या दोन, दोनाच्या चार होतात. पुन्हा पुन्हा खुडत राहिलं की वीतभर जागेत जुन्या वृक्षासारखी फांद्यांची दाटी उभी राहते. पानंही लहान होत जातात. फुलं आणि फळं मात्र त्या प्रमाणात लहान होत नाहीत, म्हणून कसलेले कलावंत मुळातच बारीक फळांची जात निवडतात.

तारेचं कामही असंच. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार गुंडाळून फांदी वाकवली, तरी ती लगेच तशी राहत नाही. वाकलेल्या स्थितीत लाकडाचे नवे थर चढतात, तेव्हा वळण कायम होतं. त्याला महिने लागतात, आणि तार सालीत रुतण्याआधी काढावी लागते.

मुळं छाटणं क्रूर वाटतं, पण कुंडी बदलताना जुनी मुळं कमी केली की नवी, कोवळी, पाणी शोषणारी मुळं फुटतात. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षउद्यानातला एक पांढरा पाइन १६२५ पासून कुंडीत वाढवला जातोय. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा हे झाड स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर एका भिंतीआड होतं. १९७६मध्ये ते वाढवणाऱ्या जपानी यामाकी कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिलं. एवढ्याशा मातीत झाड चार शतकं जगू शकतं, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आजचे कलावंत या माध्यमाला फार पुढे घेऊन गेले आहेत. जपानचे बोन्साय कलावंत मासाहिको किमुरा यांनी उभ्या शिळांवर ज्युनिपर हे सूचिपर्णी झाड चढवून डोंगरकडे उभे केले. जपानी पुष्पकलावंत आझुमा माकोतो यांनी २०१४मध्ये पाइनचं बोन्साय फुग्याला बांधून वातावरणाच्या वरच्या थरात, स्थितांबरात पाठवलं आणि काळ्या आकाशासमोर त्याची छायाचित्रं टिपली. घरांच्या रचनेतही बोन्सायला कलाकृतीची जागा मिळतेय, हे मला मनापासून आवडतं.

अडचण उजेडाची आहे. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स (प्रकाश मोजण्याचं एकक) प्रकाश असतो, ढगाळ दिवशीही दहा हजारांच्या आसपास. दिवाणखान्याच्या आतल्या कोपऱ्यात तो काही शे लक्सवर येतो. आपले डोळे अंधूक प्रकाशाशी इतके सहज जुळवून घेतात, की खोली आपल्याला लख्ख वाटते. पान मात्र उपाशी असतं: प्रकाशसंश्लेषणातून बनणारी साखर श्वसनात खर्च होणाऱ्या साखरेपेक्षा कमी पडते. साठा संपेपर्यंत झाड हिरवं दिसतं आणि मग एकाएकी पानगळ सुरू होते. पाइन, ज्युनिपर, मेपल यांना तर हिवाळ्यातली थंडीची विश्रांतीही लागते. बारमाही उबदार खोलीत ती मिळत नाही.

जपानी घरात याचं उत्तर जुनं आहे. तोकोनोमा म्हणजे दर्शनी कोनाडा, त्यात बोन्साय मांडतात ते थोड्या दिवसांपुरतं, पाहुण्यासारखं. मग ते परत उघड्यावर जातं आणि त्याच्या जागी दुसरं येतं. मला वाटतं, आधुनिक घरानेही हेच करावं: बाल्कनीत दोन-तीन झाडं आणि आत आळीपाळीने एकच. कायम आतच ठेवायचं असेल, तर फायकससारखं (वड-पिंपळाच्या गोतातलं) उष्ण प्रदेशातलं झाड घ्यावं, तेही खिडकीला लागून किंवा रोपांसाठीच्या एलईडी दिव्याखाली.

पाण्याचं गणितही उथळ कुंडीत वेगळं असतं. पाणी निथळल्यावरही तळाशी ओला थर उरतो. त्याची उंची कुंडीच्या खोलीवर नव्हे, तर मातीच्या कणांच्या आकारावर ठरते. बारीक मातीत हा थर उथळ कुंडी जवळपास भरून टाकतो, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणून बोन्सायला भरड, दाणेदार मिश्रण वापरतात आणि पाणी वारानुसार न घालता वरचे दाणे सुकायला लागले की घालतात.