एका फोरिंटला ४०० कोटी नोटा

हंगेरीची १९४६ सालची १० कोटी बी-पेंगोची नोट जरा नीट बघा, तिच्यावर किंमत आकड्यात कुठेच नाहीये, फक्त अक्षरात आहे. पेंगो हे हंगेरीचं तेव्हाचं चलन, एक बी-पेंगो म्हणजे १ लाख कोटी पेंगो, म्हणजे या नोटेची किंमत एकावर २० शून्यं, आपल्याकडच्या जुन्या गणितातल्या परार्धालासुद्धा १७च शून्यं असतात. नवीन डिझाइन करत बसायलाही वेळ नव्हता, आधीच्याच नोटांचा रंग बदलायचा, नाव बदलायचं की झाली नवी नोट.

हे झालं कसं? महायुद्धात कारखाने, रेल्वे, पूल सगळं उद्ध्वस्त झालेलं, वर सोव्हिएत युनियन, युगोस्लाव्हिया आणि चेकोस्लोव्हाकियाला मिळून ३० कोटी डॉलरची युद्धभरपाई द्यायची, टॅक्समधून येणार ते किती? मग सरकारने नोटा छापल्या. जुलै १९४६ मध्ये भाव साधारण १५ तासांत दुप्पट होत होते. दुप्पट ऐकायला छोटं वाटतं, पण दहा वेळा दुप्पट झालं की हजारपट होतं आणि त्याला लागायचे जेमतेम सहा दिवस. अशा वेळी पगार हातात पडला की माणूस लगेच मिळेल ते विकत घेणार, पैसा खिशात ठेवणं म्हणजे नुकसान, आणि सगळेच असं करायला लागले की नोटा इतक्या जोरात फिरतात की छपाईपेक्षाही भाव वेगाने पळतात.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो अदोपेंगो, म्हणजे टॅक्सचा पेंगो. टॅक्स जमा होईपर्यंत त्याची किंमतच उरायची नाही म्हणून १ जानेवारी १९४६ पासून महागाईशी जोडलेलं हे वेगळं एकक आलं, त्याचा दर रोज जाहीर व्हायचा. कल्पना चांगली होती, पण बँकेतल्या ठेवीही त्याला जोडल्या, मग भाव वाढले की ठेवी आपोआप फुगणार, त्या द्यायला आणखी पेंगो लागणार, साध्या पेंगोला तर कोणी हात लावेना. शेवटी अदोपेंगोच्याही नोटा निघाल्या आणि तोही घसरला.

१ ऑगस्ट १९४६ ला पेंगोच्या जागी फोरिंट हे नवं चलन आलं, त्याच सुमारास अमेरिकेच्या ताब्यात गेलेलं हंगेरीचं सोनंही परत मिळालं. एका फोरिंटचा दर ठरला ४ वर २९ शून्यं इतके पेंगो, म्हणजे वरच्या त्या नोटा ४०० कोटी द्याव्या लागल्या असत्या. फोरिंट मात्र टिकला, हंगेरीत आजही तोच चालतो.