मोटाग्वाचा हिरवा दगड आणि चांदीचं कोंदण

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात अँटिग्वा या जुन्या शहरात जेडचे कारखाने आहेत. तिथे घडणारं लोलक बहुधा एका ठरावीक घाटाचं असतं. हिरवा दगड, भोवती चांदीचं कोंदण, आणि माया लोकांच्या २६० दिवसांच्या पंचांगातल्या २० दिवसचिन्हांपैकी एखादं चिन्ह. यातला दगड आणि चिन्ह दोन्ही फार जुनी आहेत, चांदी मात्र पुष्कळ नंतर आली. इ.स. २५० ते ९०० हा माया संस्कृतीचा वैभवाचा काळ, आणि त्या काळातल्या कारागिरांकडे धातूची हत्यारं नव्हती. त्यांचं जेडकाम पाहताना ही गोष्ट सतत मनात ठेवावी, असं मला वाटतं.

जेड या एका नावाखाली दोन वेगळी खनिजं विकली जातात. हे १८६३ मध्ये अलेक्सी दामूर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. एक नेफ्राइट, आपल्याकडच्या संग्रहालयांतले मुघल जेडचे पेले आणि खंजिरांच्या मुठी बहुतेक याच दगडाच्या. दुसरं जेडाइट, आणि माया लोकांचं जेड ते हे. सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन एवढ्यावर त्याचा पाया आहे. हीच मूलद्रव्यं अल्बाइट नावाच्या अगदी सामान्य खनिजातही असतात. पण अल्बाइटची घनता पाण्याच्या २.६ पट आणि जेडाइटची सुमारे ३.३ पट. हा फरक दाबामुळे पडतो.

एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो तेव्हा समुद्रतळाचा थंड खडक वेगाने खोल जातो. दाब वातावरणाच्या दहा हजार पटींहून वर चढतो, पण खडक तापायला वेळ लागतो. तापमान ३०० ते ५०० अंशांच्या आसपासच राहतं. खाली जाणाऱ्या खडकातून पिळून निघालेलं पाणी विरघळलेली द्रव्यं घेऊन वरच्या प्रावरणातल्या, म्हणजे भूकवचाखालच्या थरातल्या, भेगांत शिरतं आणि तिथे जेडाइटचे स्फटिक धरतात. एवढ्यावर काम संपत नाही. तो दगड तितक्याच सांभाळून वर यावा लागतो. वाटेत फार तापला तर त्याचं दुसरंच खनिज होतं. इतके योग एकत्र जुळल्याच्या जागा जगात मोजक्याच आहेत. म्यानमार त्यातली एक, ग्वाटेमालातल्या मोटाग्वा नदीचं खोरं दुसरी.

मोटाग्वाच्या खोऱ्यातून उत्तर अमेरिकी आणि कॅरिबियन भूपट्टांची सीमा जाते. इथलं जेड डायनोसॉरांच्या काळातलं आहे, पण सीमा आजही जागी आहे. ४ फेब्रुवारी १९७६ ला याच भ्रंशावर ७.५ क्षमतेचा भूकंप झाला आणि सुमारे २३,००० माणसं गेली.

स्पॅनिश आक्रमणानंतर या खाणींच्या जागा विस्मरणात गेल्या. १९५० च्या दशकात मान्साना​ल गावाजवळ जेडाइट पुन्हा सापडलं. १९७४ मध्ये जे आणि मेरी लू रिडिंजर या दांपत्याने खोऱ्यात साठे शोधून अँटिग्वात जेडकाम नव्याने सुरू केलं. १९९८ च्या मिच चक्रीवादळाने डोंगर धुऊन काढले, ओढ्यांत निळसर हिरवे धोंडे वाहून आले, आणि त्यांच्या मागावर गेलेल्या भूवैज्ञानिकांना वरच्या डोंगरांत जुन्या खाणकामाच्या खुणा मिळाल्या.

आता कारागिरीकडे येऊ. खनिजांच्या कठीणपणाच्या १ ते १० या मोहस श्रेणीवर जेडाइट ६.५ ते ७ वर येतं, म्हणजे साध्या पोलादी सुरीने त्यावर ओरखडा उमटत नाही. त्याहून मोठी अडचण त्याच्या चिवटपणाची आहे. नमद्यात लोकरीचे तंतू गुंतावेत तसे त्याचे बारीक स्फटिक एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे घाव घालून हव्या तशा छिलक्या निघत नाहीत. मग उरतं फक्त घासणं. दोरीला पाणी आणि कठीण खनिजांची वाळू लावून ती मागेपुढे ओढत राहायची. कापते ती वाळू; दोरी तिला नुसती फिरवते. भोक पाडायला पोकळ बोरू किंवा पक्ष्याचं हाड, तेही वाळूसह फिरवायचं. मण्यांना दोन्ही बाजूंनी भोक पाडत आणि मध्यावर दोन्ही भोकं जुळवत. पट्ट्याही दोन्हीकडून कापत आणि मधली पातळ भिंत मोडून टाकत. त्या मोडीचा उंचवटा अनेक दागिन्यांच्या पाठीवर दिसतो. समोरची बाजू आरशासारखी लखलखीत असते, पण मला ती पाठच अधिक बोलकी वाटते, कारण कारागिराचे हात तिथे दिसतात. ग्वाटेमालातल्या कामिनालहुयू या प्राचीन स्थळी जिन्याखाली सुमारे ९० किलोचा एक धोंडा सापडला. त्याचे तुकडे असेच कापून नेलेले होते.

या श्रमाचं फळ काय होतं? शेजारच्या बेलीझमधल्या ‘आल्तुन हा’ नावाच्या माया स्थळी १९६८ मध्ये पुरातत्त्वज्ञ डेव्हिड पेंडरगास्ट यांना सूर्यदेवाचं मानलं जाणारं जेडचं मस्तक मिळालं. जेमतेम १५ सेंटिमीटर उंच, वजन ४.४२ किलो. आजच्या मेक्सिकोतल्या पालेन्के या माया नगरीचा राजा पाकाल इ.स. ६८३ मध्ये वारला. १९५२ मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रूस यांनी त्याची कबर उघडली तेव्हा चेहऱ्यावर जेडच्या तुकड्यांचा मुखवटा होता, बोटांत जेडच्या अंगठ्या, एका हातात घन, दुसऱ्यात गोळा आणि तोंडात मणी. माया लोकांच्या लेखी जेडचा हिरवा म्हणजे मक्याच्या कोवळ्या पात्याचा, पाण्याचा आणि श्वासाचा रंग. मृताच्या तोंडात जेडचा मणी ठेवण्यामागे हीच श्रद्धा होती.

चांदीचं काम तिथे स्पॅनिश काळात रुजलं आणि माया स्त्रियांनी ते आपलंसं केलं. चांदीची नाणी आणि मणी ओवलेल्या त्यांच्या माळांना चाचाल म्हणतात. त्यामुळे आजच्या जेड-चांदीच्या दागिन्याला मी नकली म्हणणार नाही. ती परंपरेची पुढची पायरी आहे. फक्त ‘प्राचीन माया चांदीकाम’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. आज दगड हिऱ्याची धार लावलेल्या पात्यांनी कापतात. चांदी बहुधा ९२.५ टक्के शुद्ध, बाकी तांबं. झाळकाम, म्हणजे तापवून सांधे जोडणं, आधी उरकतात आणि दगड शेवटी बसवून कोंदणाची कड त्यावर दाबतात, म्हणजे त्याला आच लागत नाही.

बाजारात रंगवलेलं क्वार्ट्झ आणि सर्पेंटाइनही जेड म्हणून खपतं. रंग पाहून फसायला होतं, घनता मात्र लपत नाही. दगड आधी हवेत तोलावा, मग दोऱ्याने पाण्यात बुडता टांगून तोलावा. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागावं. उत्तर ३.३ च्या जवळ आलं तर जेडाइट असण्याची शक्यता चांगली, २.६ च्या आसपास आलं तर नक्कीच नाही. पक्की खात्री प्रयोगशाळेत रामन वर्णपटाने होते; त्यात दगडावर पडून विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखतात. चांदीची घनता १० च्या वर असल्याने जडवलेल्या दगडावर ही तोलणी चालत नाही. म्हणून सुटा दगड आधी तपासून घ्यावा आणि कोंदण नंतर करवावं.