चिवट गोबी आणि पाण्यातलं मीठ

‘चिवट मासा आहे, कुठल्याही पाण्यात राहतो,’ असं सांगून घरच्या मत्स्यटाकीसाठी नाईट गोबी सर्रास गोड्या पाण्यात विकला जातो. म्हणणं अगदीच खोटं नाही. रुपेरी करड्या अंगावर काळे ठिपके असलेला हा सात-आठ सेंटिमीटरचा मासा भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या खाड्यांचा आणि नदीमुखांचा रहिवासी. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. भरती-ओहोटीबरोबर पाण्याचा खारेपणा बदलणार, हे त्याच्या शरीराला सवयीचं.

पण चिवटपणा फुकट मिळत नाही. बहुतेक हाडांच्या माशांच्या रक्तात लिटरमागे साधारण 9-10 ग्रॅम क्षार असतात. समुद्राच्या पाण्यात 35. गोड्या पाण्यात कल्ल्यांवाटे पाणी सतत आत झिरपतं आणि मूत्रपिंडाला ते उपसत बसावं लागतं, शिवाय क्षार निसटतात ते वेगळेच. समुद्रात सगळं उलट: पाणी बाहेर जातं, म्हणून मासा पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशी बाहेर टाकतात. दोन्हीकडे ऊर्जा खर्च होते. लिटरमागे 7 ते 9 ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात, म्हणजे पाण्याची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर 1.005 ते 1.007 दिसतं तेव्हा, हा खर्च बराच कमी होतो.

मीठ मात्र समुद्री टाक्यांसाठी मिळतं तेच घ्यावं. स्वयंपाकाचं मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराईड. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पाणी अल्कधर्मी ठेवणारे बायकार्बोनेट त्यात नसतात. उन्हाळ्यात टाकीची पातळी उतरते ती वाफेमुळे. मीठ मागेच राहतं, तेव्हा घट साध्या, क्लोरीन काढलेल्या पाण्यानंच भरायची.

लपायला कपारी हव्यातच. नर जागेवरून भांडतात, आणि मादी अंडी घालते ती गुहेच्या छताला चिकटवून, राखण नराकडे. कोरडं खाणं हा मासा बऱ्याचदा नाकारतो, गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) आवडीनं खातो. सोबतीला छोटी कोळंबी ठेवलीत तर तीही खाणारच.

दुकानातून गोड्या पाण्यातला गोबी आणलात तर खारेपणा काही आठवड्यांत, पाणी बदलताना थोडाथोडा वाढवा. ही सावधगिरी माशापेक्षा फिल्टरमधल्या जिवाणूंसाठी जास्त आहे. माशानं पाण्यात सोडलेला अमोनिया पचवणारे हे जिवाणू नव्या खारेपणाला सावकाश रुळतात, आणि अल्कधर्मी पाण्यात तोच अमोनिया अधिक विषारी होतो. तेवढे दिवस अमोनियाची चाचणी करत राहा आणि खाणं हात राखून टाका.