हुरूप जातो कुठे?

एका पंपाच्या माहितीपुस्तिकेसाठी चोवीस रेखाचित्रं करायची होती. झाकण, नळी, चाक, पुन्हा झाकण. नववं चित्र संपलं आणि पेन्सिल उचलवेना. दमलो असेन, म्हटलं. संध्याकाळी चाळा म्हणून टेबलावरचा पांढरा कप काढायला घेतला, आणि मान वर केली तेव्हा दोन तास उलटून गेले होते. बोटं तीच, पेन्सिल तीच, पाठीची रगही तीच. मग दुपारचा तो थकवा कपाच्या वेळी गेला कुठे?

चित्रं काढून पोट भरणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. आपण त्याला आळस म्हणतो, शिस्त नाही म्हणतो, आणि दिवस फारच वाईट असला तर ‘आपल्यात आता काही उरलं नाही’ इथवर जातो. मानसशास्त्रज्ञ मात्र पन्नासहून जास्त वर्षं या कोड्याच्या मागे आहेत, आणि त्यांचे काही गाजलेले प्रयोग थेट चित्रं काढणाऱ्यांवरच झालेत.

त्यातला एक बालवाडीतला. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतून स्केचपेनने चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता, चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिलं. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी खेळाच्या मोकळ्या वेळात स्केचपेन पुन्हा मांडून ठेवले आणि कोण किती वेळ काढतंय ते मुलांच्या नकळत टिपलं. बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ तिथे रमली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड होती तशीच होती. या प्रयोगातला एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही: बोलीवरच्या मुलांनी त्या दिवशी चित्रं जास्त काढली होती, पण उतरली होती सुमार. डेडलाइनच्या आदल्या रात्री जागलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

यावरून ‘पैसा आला की कला गेली’ असं म्हणायची लोकांना घाई असते. मला ते पटत नाही, आणि आकडेही तितकं सरळ काही सांगत नाहीत. एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १९९९ साली अशा १२८ प्रयोगांची एकत्र छाननी केली. आधी कबूल केलेलं, हातात पडणारं बक्षीस आवड घटवतं. कामाबद्दलचे चांगले शब्द ती वाढवतात. डेसी आणि रायन यांच्या मते आतली ओढ तीन गोष्टींवर तगते. आपण हे आपल्या मर्जीने करतोय, आपल्याला हे जमत चाललंय आणि आपण माणसांशी जोडलेले आहोत, या त्या तीन जाणिवा. बक्षिसाची बोली पहिल्या जाणिवेला नख लावते.

मुलांचं सोडा, व्यावसायिक चित्रकारांचं काय? टेरेसा अमाबिले आणि सहकाऱ्यांनी १९९३च्या सुमाराला २३ कलाकारांची कामं गोळा केली. प्रत्येकाची दहा कमिशनची, म्हणजे कुणीतरी पैसे देऊन करवून घेतलेली, आणि दहा स्वतःहून केलेली. कोणतं कुठलं ते जाणकार परीक्षकांना सांगितलं नाही. तंत्राच्या बाबतीत दोन्ही ढिगांमध्ये फरक दिसला नाही. सर्जनशीलतेत मात्र कमिशनची कामं मागे पडली. रेषा, रंग, सफाई सगळं जागच्या जागी, तरी चित्रात काहीतरी कमी. पण कमिशनची सगळीच कामं फिकी नव्हती. जिथे कलाकाराला आपल्या डोक्यातलं काही करून पाहायची मुभा वाटली, तिथे चित्र बदललं. हात बांधल्यासारखे वाटले, तिथे कस उतरला.

म्हणजे बघायचं ते पैसे मिळतात की नाही यापेक्षा, कामात आपल्यासाठी काही शिल्लक आहे का, हे. ते ‘काही’ म्हणजे नेमकं काय, याचा मला सापडलेला सर्वांत चांगला पुरावा याच्याही आधीचा आहे.

साठच्या दशकात शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेत जेकब गेट्झेल्स आणि मिहाय चिकसेंटमिहाय यांनी दोन टेबलं मांडली. एकावर २७ वस्तू. दुसरं रिकामं. चित्रकलेच्या ३१ विद्यार्थ्यांना एकेक करून बोलावलं आणि सांगितलं, यातल्या हव्या त्या वस्तू उचला, रिकाम्या टेबलावर हवी तशी मांडणी करा आणि स्थिरचित्र काढा. संशोधक बाजूला बसून पाहत होते, तेही कागद कोरा असल्यापासून.

काही विद्यार्थ्यांनी दोन-तीन वस्तू चटकन उचलल्या, नीट मांडल्या आणि कामाला लागले. काहींनी वस्तू हातात घेऊन फिरवल्या, वजन पाहिलं, झडपा उघडझाप केल्या, ठेवल्या, पुन्हा उचलल्या. चित्र सुरू झाल्यावरही त्यांची मांडणी बदलत राहिली. रचना काय होणार ते शेवटाकडे येईपर्यंत ठरत नव्हतं. बाहेरून पाहणाऱ्याला हे गोंधळलेले वाटले असते. तज्ज्ञांनी चित्रं तपासली तेव्हा अस्सलपणात हेच वर आले. सात वर्षांनी या विद्यार्थ्यांचा माग काढला. बरेचजण कलेपासून लांब गेले होते. चित्रकार म्हणून टिकलेल्यांत आणि नाव कमावलेल्यांत वस्तू चाचपणाऱ्यांचं पारडं जड होतं.

संशोधकांनी याला ‘प्रश्न शोधणं’ म्हटलं. पहिल्या विद्यार्थ्यांनी नेटकं स्थिरचित्र काढायचा तयार प्रश्न सोडवला. दुसरे आधी प्रश्न हुडकत बसले. नवव्या चित्रापाशी मी का अडलो, त्याचं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. चौथ्या चित्रापर्यंत धातूची चकाकी पेन्सिलने कशी दाखवायची हे मला कळलं होतं. पुढची वीस फक्त मजुरी होती.

आणि कप? कपात माझा प्रश्न अजून शिल्लक आहे. त्याचं तोंड.

समोरून थोडं तिरकं पाहिलं की कपाचं गोल तोंड चपटं लंबगोल दिसतं. निदान डोळ्याच्या पडद्यावर तरी तशीच प्रतिमा पडते. कागदावर मात्र ते दरवेळी थोडं फुगतं. रॉबर्ट थाउलेस या मानसशास्त्रज्ञाने १९३१ साली हेच मोजलं होतं: तिरकी धरलेली चकती लोकांना जशी ‘दिसते’ असं ते सांगतात, ती खऱ्या प्रतिमेपेक्षा गोलाकडे झुकलेली असते. मेंदूला ठाऊक असतं की तोंड गोल आहे, आणि तो आपलं ज्ञान दिसण्यात मिसळून टाकतो. रोजच्या जगण्यात हे सोयीचंच, नाहीतर टेबलाभोवती चालताना कप दर पावलाला आकार बदलतोय असं वाटलं असतं. चित्रकाराला मात्र स्वतःच्याच मेंदूशी घासाघीस करावी लागते.

ही घासाघीस सरावलेला माणूस कशी करतो, हेही पाहिलं गेलंय. जॉन चालेंको आणि ख्रिस मायल यांनी हम्फ्री ओशन या ब्रिटिश पोर्ट्रेट चित्रकाराच्या डोळ्यांच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपल्या; निष्कर्ष २००१ साली आले. एरवी बघताना त्याची नजर इतर कुणासारखीच भिरभिरायची. पोर्ट्रेट काढताना तीच नजर एका वेळी एकाच ठिकाणी टेकायची, नेहमीपेक्षा जास्त वेळ, मग कागदावर, मग पुन्हा चेहऱ्यावर. डेल कोहेन यांनी २००५ साली वेगळ्या प्रयोगात दाखवलं की जे वारंवार वर पाहतात त्यांचं रेखाटन जास्त अचूक येतं, आणि लोकांना कमी वेळा वर पाहायला लावलं की अचूकपणा घसरतो. कारण उघड आहे. कागदाकडे जितका वेळ पाहत राहाल तितकी स्मृती काम करते, आणि स्मृतीतला कप गोल असतो. कपाचं तोंड काढताना मी आता मनात मोजतो: एक, दोन, वर. एक, दोन, वर. फुगवटा पुरता गेलेला नाही, पण कमी झालाय.

रेखाटनाच्या किंवा रंगकामाच्या तीन महिन्यांच्या वर्गाने विद्यार्थ्यांच्या मेंदूत काय बदलतं, हे अलेक्झांडर श्लेगेल आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली तपासलं. निव्वळ पाहण्याच्या चाचण्यांत विद्यार्थी सुधारले नाहीत. दिसलेलं हाताच्या हालचालीत उतरवणं सुधारलं, कल्पकता वाढली आणि मेंदूतही त्याच्या खुणा दिसल्या. ‘चित्रकाराची नजरच वेगळी असते’ हे आपलं लाडकं वाक्य या अभ्यासात तरी टिकलं नाही. वेगळी होते ती नजर आणि हात यांच्यातली बोलणी.

आता एक शंका. सारखे नवेच प्रश्न हुडकत बसलं तर कशातच हात बसणार नाही. बरोबर आहे. दाशुन वांग या संशोधकाच्या गटाने २०२१ साली २,१२८ कलाकारांच्या सुमारे आठ लाख चित्र-प्रतिमा संगणकाकडून वाचून घेतल्या. दिग्दर्शक आणि वैज्ञानिकांचं कामही जोडीला घेतलं. कलाकाराच्या आयुष्यात बहुधा एक बहराचा काळ येतो, त्याची उत्तम कामं एकामागोमाग येतात. त्या आधीच्या वर्षांत माणूस नाना शैली, नाना विषय चाचपत असतो, आणि बहर सुरू होतो तेव्हा एकाच दिशेला लागतो. नुसतं चाचपणं पुरत नाही, नुसतं एकाला चिकटणंही पुरत नाही. हे मग ते, या क्रमाने आलं तरच फळतं. व्हॅन गॉगने १८८०मध्ये सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं. शेतकऱ्यांची अंधारी चित्रं झाली, पॅरिसमधले रंगांचे प्रयोग झाले, आणि १८८८मध्ये आर्लला गेल्यावर तो एका सुरात रंगवू लागला. मधल्या आठ वर्षांना कुणी भरकटणं म्हणालं असतं, तर त्या वेळी ते खोटं ठरवणं अवघड होतं.

या गटाच्या आधीच्या, २०१८च्या अभ्यासातली एक गोष्ट मला धीर देते: बहर कारकिर्दीत कधी येईल याला काही नियम दिसत नाही, आणि त्या काळात माणूस नेहमीपेक्षा जास्त चित्रं काढतो असंही नाही. म्हणून ‘अमुक वयात नाही झालं तर संपलं’ हे गणित मी बंद केलंय.

इतरांच्या अभिप्रायाबद्दल थोडंच सांगतो, कारण त्यावर आधीच पुष्कळ बोललं जातं. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली अभिप्रायाचे ६०७ परिणाम एकत्र मांडले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायाने काम उलट बिघडलं होतं. लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं की हे होण्याची शक्यता वाढते. ‘खांदा वर गेलाय’ हे उपयोगाचं. ‘तू फार टॅलेंटेड आहेस’ हे ऐकायला गोड, पण त्याने खांदा खाली येत नाही.

आणि अडलं की उठून जावं का? मी उठायचो. ब्रायन लुकस आणि लोरन नॉर्डग्रेन यांनी २०१५ साली दाखवलं की कल्पना सुचवण्याच्या कामात माणसं ‘आता आणखी किती सुचतील’ याचा अंदाज कमी लावतात. प्रत्यक्षात जास्त सुचतात. काम जड वाटू लागलं की आपण त्याचा अर्थ ‘विहीर आटली’ असा घेतो. बहुतेक वेळा दोर तेवढा आखूड पडलेला असतो.

तर पंप. दहाव्या चित्रापासून मी स्वतःला एक अट घातली, ब्रीफच्या, म्हणजे क्लायंटने दिलेल्या सूचनांच्या, आतच: झाकणाची कड कुठेही रेषेने काढायची नाही, शेजारच्या सावलीने ती दिसली पाहिजे. काम लगेच हळू झालं. सतराव्यात सावली इतकी फसली की कागद खोडरबराने मऊ पडला आणि ते चित्र पुन्हा करावं लागलं. अठराव्यात जमलं, आणि ते मी दोनदा काढलं, दुसरं माझ्या स्केचबुकात. चोवीसही वेळेत गेली. क्लायंटचं करेक्शन आलं ते भलत्याच चित्राला, तेविसाव्यातली वायर उजवीकडून हवी होती.