गावरान अंडं आणि तपकिरी अंडं: दोघांचा भाव एकच कसा?

आठवडी बाजारात भाताच्या तुसावर अंडी मांडून बसलेल्या बाईकडे गिऱ्हाईक येतं. टोपलीतलं सगळ्यात मोठं, गडद तपकिरी अंडं उचलतं आणि म्हणतं, "मावशी, अशीच द्या, अस्सल गावरान." बाजूची लहान अंडी, कुणी मळकट पांढरं, कुणी गुलाबीसर, तशीच राहतात. खरी गावरान अंडी बहुतेक वेळा तीच असतात. मावशीला ते ठाऊक असतं, पण गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून ती दोन्ही एकाच भावात देते. परसात चार कोंबड्या पाळणाऱ्याचं नुकसान इथेच होतं आणि ते मला फार खटकतं.

तपकिरी हा नुसता कवचाचा रंग आहे. अंड्याला कवच चढायला साधारण २० तास लागतात आणि रंग शेवटच्या काही तासांत बसतो. तो कोंबडीच्या जातीवर ठरतो. कोंबडी मोकळी फिरते की पिंजऱ्यात असते, याचा त्याच्याशी संबंध नाही. ऱ्होड आयलंड रेड, ग्रामप्रिया, बीव्ही ३८० या कोंबड्या तपकिरी अंडी देतात. त्यातली बीव्ही ३८० तर खास अंड्यांसाठीच तयार केलेली, वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देणारी संकरित कोंबडी आहे. शहरातल्या दुकानात डब्यात बंद मिळणारं तपकिरी अंडं बऱ्याचदा पिंजऱ्यातल्या अशाच कोंबडीचं असतं. कडकनाथचं अंडंसुद्धा काळं नसतं, फिकट तपकिरी किंवा मलईच्या रंगाचं असतं. काळं अंडं मागणाऱ्याला हे नीट समजावून सांगावं.

बलकाच्या रंगाचंही तसंच. तो खाण्यातून येतो. मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्या खाल्ल्या की बलक केशरी होतो, मग कोंबडी कुठलीही असो.

गावरान म्हणजे गावातली देशी कोंबडी, दिवसभर उकिरडा आणि बांध उकरून पोट भरणारी. ती वर्षाला ५० ते ७० अंडी देते. दहा-बारा अंडी झाली की खुडूक होते, म्हणजे अंडी द्यायची थांबते आणि उबवायला २१ दिवस बसते, मग पिल्लांमागे फिरते. तेवढे दिवस अंडं नाही. अंडं ३५ ते ४५ ग्रॅमचं, तर पोल्ट्रीचं ५५ ग्रॅमच्या आसपास. ग्रामप्रियासारखी सुधारित जातीची कोंबडी बहुधा खुडूक होत नाही, म्हणून ती अंडी देत राहते. पण तिची पिल्लं पुन्हा विकतच आणावी लागतात.

आता हिशेब. गावरान कोंबडीला रोज ४० ग्रॅम दाणा वरून टाकला, तर वर्षाला साडेचौदा किलोच्या वर जातो. दाणा २८ रुपये किलो धरला तर सुमारे ४०९ रुपये होतात. ६० अंड्यांवर वाटले तर एका अंड्यामागे जवळजवळ सात रुपये निव्वळ दाण्याचे झाले. यात मुंगसाने नेलेली तलंग (अंड्यावर यायच्या बेतातली तरुण कोंबडी) नाही, मानमोडीच्या (राणीखेत) रोगात गेलेला कळप नाही, संध्याकाळी खुराड्यात कोंबड्या मोजून घालणाऱ्या बाईचा वेळ नाही. शिवाय दोन वेळा बारा-बारा अंडी बसवली तर विकायला ३६ च उरतात. बसवलेल्या अंड्यांचा दाणा पिल्लांच्या खात्यात टाकला तरी सात रुपयांचा तळ काही खाली जात नाही.

सुधारित कोंबडी मोकळी सोडली तरी तिला ८० ग्रॅमच्या आसपास खाद्य द्यावं लागतं. ३२ रुपये किलोने वर्षाचे ९३४ रुपये. ती १८० अंडी देत असेल, तर अंड्यामागे पाच रुपये वीस पैसे पडतात. कॅल्शियम कमी पडलं की कवच पातळ होतं आणि टोपलीतच तडे जातात, म्हणून शिंपल्याचा चुरा वेगळा द्यावा लागतो. तेही खर्चात धरायचं. दाण्याचे हे भाव मी नमुन्याला घेतले आहेत. आपल्या गावचा भाव घालून प्रत्येकाने हिशेब करून बघावा, गणित अवघड नाही.

बहुतेक जण हा हिशेब करत नाहीत. ते एनईसीसीचा, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा रोजचा भाव बघतात, त्यावर रुपया-दोन रुपये चढवतात आणि विकतात. १९८२ साली उभी राहिलेली ही समिती शेकड्याचा भाव सुचवते, तो हजारोंनी अंडी काढणाऱ्या पोल्ट्रीवाल्यासाठी. तो खाली आला म्हणून तुमच्या कोंबडीचा दाणा स्वस्त होत नाही. परसातल्या तपकिरी अंड्याला तो भाव अंदाजापुरता बघावा, कारण गिऱ्हाईक दुकानाशीच तुलना करतं. गावरान अंड्याला तो लावूच नये. माझं स्पष्ट मत आहे की गावरान अंडं दाण्याच्या खर्चाच्या दुपटीच्या खाली देऊ नये, आणि सुधारित कोंबडीचं अंडं गावरान म्हणून विकू नये. "घरच्या मोकळ्या कोंबडीचं" म्हणावं. ते खरं आहे आणि त्यालाही दुकानापेक्षा दोन पैसे जास्त देणारं गिऱ्हाईक मिळतं. टोपल्या दोन ठेवाव्यात, भाव दोन सांगावेत.

फसवणूकही होते. पोल्ट्रीतल्या नव्याने अंड्यावर आलेल्या कोंबड्यांची अंडी लहान असतात, ती चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून खपवतात. लिंबू चोळलं आणि रंग सुटला तर अंडं रंगवलेलं, असं लोक सांगतात. पण खऱ्या तपकिरी अंड्याचा रंगही आम्लाने सुटतो, कारण तो कवचाच्या वरच्या थरातच असतो. या परीक्षेत प्रामाणिक बाईसुद्धा खोटी ठरते. त्यापेक्षा सगळी टोपली बघावी. पाच घरच्या पाच कोंबड्यांची अंडी एका मापाची, एका रंगाची असूच शकत नाहीत. सगळी सारखी दिसली तर विचारावं.

कळपात कोंबडा असला तर अंडी फलित असतात. खायला त्यात काही वावगं नाही. पण उन्हाळ्यात उबेने आत गर्भ वाढायला लागतो आणि फोडल्यावर रक्ताची रेघ दिसली की ते गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून रोज उचलावं, थंड जागी ठेवावं, आठवड्याच्या आत विकावं. धुवू नये, धुतल्याने वरचं संरक्षक पटल जातं. कोरड्या फडक्याने पुसलेलं बरं. शंका आली तर पाण्यात सोडावं: ताजं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं, तरंगलं तर टाकून द्यावं.

श्रावणात आणि नवरात्रात गिऱ्हाईक कमी होतं. तपकिरी अंडी तेव्हा साठवू नयेत, रुपया कमी करून वेळेत काढावीत. गावरानवाल्याला मात्र दुसरी वाट असते. कोंबडी खुडूक झाली असेल तर त्या दिवसांतली ताजी फलित अंडी तिच्याखाली घालावीत. श्रावण-भाद्रपदात निघालेले कोंबडे चैत्रातल्या जत्रांपर्यंत विकायच्या वजनाला येतात आणि तेव्हा त्यांना मागणी चांगली असते. पावसाळ्यात पिल्लांना ओल लागू द्यायची नाही, डालग्याखाली कोरडा भुसा बदलत राहायचा आणि मानमोडीची लस वेळेवर द्यायची.